चाकावरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या सेटिंगच्या चाकावर चिकटपट्टीचा डाग अजून दिसेल. तो पुसू नका, माझी कहाणी त्यातच आहे.

माझी उमेदीची वर्षं अकोल्याच्या जठारपेठेत, एका स्टुडिओसाठी लग्नांचे फोटो काढण्यात गेली. लग्नात माणसं भारी शहाणी असतात. पोट आत, हसू बाहेर, आणि फोटो निघेपर्यंत श्वास बंद! त्यामुळे माझ्या शटरला कधी घाई नव्हती. कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून मालकाने चाकावर पट्टीच चिकटवली. पुढे नवे कॅमेरे आले, मी कपाटात गेलो. तिथून हिवरखेडच्या रश्मीने मला विकत घेतलं. "सेटिंग पक्की आहे, हात लावू नका," मालक म्हणाला. रश्मी शाळेत शिकवते, पण तिनेही ते निमूट ऐकलं.

तिच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक वाळका कडुनिंब होता. वडील देवमनजी तो सोमवारी तोडणार होते. ढोलीत नीळकंठाची पिल्लं आहेत, असं रश्मी सांगे. पण मोतीबिंदूमुळे देवमनजींना झाडच धड दिसेना, तिथे ढोली कुठली!

"फोटो दाखव, झाड ठेवतो," ते म्हणाले.

तिने ढोलीतून उडणाऱ्या पक्ष्याचा फोटो काढून माझ्या पडद्यावर दाखवला. त्यांनी मला नाकाशी धरलं.

"हा तं निळा डाग हाय वं! डागासाठी झाड ठेवू काय?"

आई चतुराबाई भाकरी थापता थापता हसली. "रश्मे, नवरदेव बसते खुर्चीत. हे पाखरू बसन काय?"

रश्मीने नखाने पट्टी सोलली.

रविवारी सकाळी ती कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड बसली. शटर सेकंदाच्या साठाव्या भागावरून दोन हजाराव्या भागावर नेलं. एवढ्या वेगात उजेड अपुरा पडतो, म्हणून भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपायची माझी ताकद, वाढवला आणि फोकस ढोलीवर धरला. नीळकंठ चोचीत नाकतोडा घेऊन आला. त्याचे पंख पसरलेले, ढोलीत दोन चोची वासलेल्या. मी पीसन्‌पीस टिपलं.

देवमनजींनी मला पुन्हा नाकाशी धरलं, बोटाने चोची मोजल्या. मग म्हणाले, "त्या कुऱ्हाडवाल्या नितेशले फोन लाव. म्हणा, पोरं उडाले का मंग ये."

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, भिंग मऊ कापडाने पुसा. पण कुणी लावून दिलेली पट्टी जपू नका. समोर नवरदेव आहे की नीळकंठ, ते आधी पाहा.