फणसाच्या वळणावर ट्रॉली

मित्रांनो, विनीत माझ्यावर बूट घालून चढतो. त्याचा बाप जयवंत आजही चपला खाली काढून मगच माझ्यावर पाय ठेवतो, कारण माझ्यावर गणपती बसायचा. विनीतला त्याचं काही नाही. बुटांनी मला तुडवत तो फोनवर बोलतो आणि जे आडवं येईल त्याला म्हणतो, “काढून टाकू.” अंगणातली तुळस वाटेत येते, काढून टाकू. शेडचा खांब आडवा येतो, काढून टाकू. परवा माझ्या चाकाला बुटाचं टोक मारलं आणि विचारलं, “हिचं काय करायचं?” मला नाही विचारलं. माझ्यासमोर विचारलं.

मी एक जुनी ट्रॉली आहे, ट्रॅक्टरच्या मागे जोडतात ती. राहते परळच्या भोईवाड्यात, मूर्तींच्या कारखान्यामागच्या अंगणात. शिक्षण म्हणाल तर माझ्या फाळक्यावर, म्हणजे कडेच्या फळीवर, रंगवलेली अक्षरं तेवढी मला येतात. पण भार, तोल आणि उतार यांतलं मला कुणी शिकवू नये.

करी रोडच्या धोंडू मिस्त्रीने मला घडवलं. एक गिरणी पाडत होते, तिथलं लोखंड त्याने उचललं आणि माझा सांगाडा केला. “ही तुला पुरून उरेल,” तो जयवंतला म्हणाला. धोंडू गेला. मी आहे.

वर्षभर मी रेती, विटा आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा वाहिला. भाद्रपद आला की मला धुवायचे, रंग द्यायचे, झालर लावायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं हात जोडून उभी असायची. नमस्कार मूर्तीला होता, एवढं मला कळतं. पण मूर्तीखाली कोण होतं हे त्या माणसांना कळलं नाही. विसर्जन झालं की मला परत अंगणात लोटायचे आणि माझ्यात कुंड्या ठेवायचे. गेल्या वर्षी आमचा जुना ट्रॅक्टर धूर ओकत भंगारात गेला आणि माझं काम थांबलं.

या दिवाळीनंतर जयवंतने कणकवलीच्या पुढे रान विकत घेतलं. शेत नव्हे, रान. उतारावर ऐन, किंजळ, रातांबे, आणि पायवाटेच्या वळणावर एक थोरला फणस. जयवंतचं सगळं आयुष्य चाळीच्या एका खोलीत गेलं. त्याच्या खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. रान बघायला गेला तेव्हा तो फणसाला तळवा लावून उभा राहिला, म्हणे. हे मला त्याच्या सुनेने, मेघनाने सांगितलं. ती कुंड्यांना पाणी घालताना माझ्याशी बोलते.

रानात पडलेल्या फांद्या ओढायला, घरासाठी चिरे न्यायला ट्रॅक्टर हवा होता. विनीतने मोठ्यात मोठा पसंत केला.

“गावात छोटा नेला तर लोक हसतील, बाबा. म्हणतील मुंबईकर खेळणं घेऊन आले.”

“आणि वळणावर फणस आहे त्याचं काय?” जयवंतने विचारलं.

“काढून टाकू. रस्ता सरळ होईल.”

जयवंत काही बोलला नाही. मला त्याची तीच सवय आवडत नाही. विनीतने झाडं तोडणाऱ्या माणसांना सोमवारचा शब्दही देऊन टाकला. म्हणजे मोठा ट्रॅक्टर ठरला, की फणस गेला.

शनिवारी दुकानाचा माणूस, विकास, तो मोठा ट्रॅक्टर दाखवायला घेऊन आला. मागची चाकं मेघनाच्या खांद्याएवढी. अंगणातल्या मांजरी पळाल्या. विकास अवजारांची नावं घेऊ लागला. पुढे माती उचलायचा लोडर, मागे पलटी नांगर, जमीन भुसभुशीत करायला रोटाव्हेटर. विनीत सगळ्याला हो म्हणत होता.

“झाडांच्या मुळांत रोटाव्हेटर फिरवून काय चटणी करायची आहे?” मेघनाने विचारलं.

“तू गप्प बस ना जरा.”

“मी गप्प बसले तर विचारणार कोण? बाबा तर बसलेच आहेत गप्प.”

तेव्हा जयवंत उठला. म्हणाला, “आधी वळण उभं करू.”

मित्रांनो, ही आमची परळची रीत आहे. मोठी मूर्ती अरुंद गल्लीतून न्यायची असली, की आधी अंगणात ती गल्ली खडूने आखतात, खांबांच्या जागी पिंप ठेवतात आणि रिकामी ट्रॉली फिरवून बघतात. रानातलं अंतर जयवंतने दोन्ही हात पसरून मापून आणलं होतं. तसंच त्याने जमिनीवर आखलं. दोन पिंपं म्हणजे दोन ऐन. तिसरं पिंप मिळेना.

“फणस मी होतो,” जयवंत म्हणाला आणि वळणाच्या आतल्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मला मोठ्या ट्रॅक्टरला जोडलं. विकास म्हणाला, मी चालवतो. विनीतने ऐकलं नाही, स्वतःच चढला. मेघना मिरवणुकीत चालते तशी माझ्या कडेने चालू लागली.

पहिल्याच पिंपाला ट्रॅक्टरचं मागचं चाक घासलं. पिंप आडवं झालं.

“एक ऐन गेला,” मेघना म्हणाली.

“दोन-चार झाडं जाणारच,” विनीत म्हणाला आणि थांबलाही नाही. त्याने वळण घेतलं.

आता माझा स्वभाव तुम्हाला सांगते. ट्रॅक्टर वळला की मी त्याच्या चाकोरीतून जात नाही. मी आतल्या बाजूला सरकते. सगळ्याच ट्रॉल्या सरकतात. ट्रॅक्टर जयवंतच्या पुढून मोकळा निघून गेला. मागून मी येत होते, आणि माझा कोपरा सरळ जयवंतच्या छातीकडे चालला होता. त्याच्यामागे भिंत. मला ब्रेक नाही. मला ओढतात तिकडे मी जाते. इतकी वर्षं त्या माणसाने मला तेल घातलं, आणि त्याला मीच चिरडणार होते.

जयवंत हलला नाही. विनीत पुढे बघत होता.

मेघनाने माझ्या फाळक्यावर दोन थापा मारल्या. मिरवणुकीत दोन थापा म्हणजे थांब. हे विनीतच्या हाडात लहानपणापासून भिनलेलं. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. माझा कोपरा जयवंतच्या सदऱ्याच्या गुंडीला टेकून थांबला.

विनीत उडी मारून खाली आला. तोंड पांढरंफटक.

“बाबा, तुम्ही सरकला का नाही?”

“फणस सरकतो का रे?”

मग विकासने हळूच म्हटलं, “साहेब, या जागेला छोटा ट्रॅक्टरच बरा. अंग अरुंद, चारही चाकांनी ओढणारा, उतारावर उलटलाच तर माणूस वाचावा म्हणून डोक्यावर लोखंडी कमान. मागे गवत कापायचं यंत्र आणि वाट सारखी करायची फळी. बाकी काही नको.”

विनीतने बापाकडे पाहिलं. मग फोन काढला आणि सोमवारच्या माणसांना सांगितलं, येऊ नका.

पण छोट्या ट्रॅक्टरला मी जड होते. हे मला विकासच्या आधी कळलं होतं. जयवंतने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “भंगारात नाही द्यायची. कापून लहान करू.” मेघनाने माझ्या अंगावर खडूची रेघ मारली. कापणार म्हटल्यावर कुणाला बरं वाटतं? मलाही वाटलं नाही. पण रानात जाईन, फणसाला न घासता वळेन, एवढं पुष्कळ झालं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी वस्तू असली तर तिला पावसात टाकू नका, तेलपाणी करा. आणि तिचं काय करायचं ते ठरवण्याआधी एकदा तिला कामाला जोडून बघा.

संध्याकाळी विकास मोठा ट्रॅक्टर घेऊन निघून गेला. विनीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. माझं बोलणं माणसांना नुसती करकर वाटते. वाटू दे. मी त्याला तोंडावर सांगितलं:

“छोटा ठरवलास, बरं केलंस. पण किल्ली मेघनाकडे दे. तुला पुढे जाता येतं, विनीत. चालवता येत नाही.”