सीलबंद मेम्ब्रेन

सात महिने ताई तिच्याशी बोलली नव्हती. ताईची पोर दूषित पाण्याच्या तापाने गेली, आणि पाणी गाळायच्या केंद्रावर नोकरीला होती ती, ताईची सख्खी धाकटी बहीण. यंत्र बसवणाऱ्या कंत्राटदाराने भर सभेत तिच्या नावाने खडे फोडले होते. "पाणी गाळणारी मेम्ब्रेन ठणठणीत आहे. बाईंनी ती वेळेवर धुतलीच नाही, त्याला मी काय करू?" लोक त्याला गोडबोल्या म्हणत आणि तरीही त्याचंच खरं मानत. त्या दिवसापासून सगळे पाणी उकळून पिऊ लागले आणि तिच्याकडे बघून तोंड फिरवू लागले.

तिने वाद घातला नाही. माहितीपुस्तक तीनदा वाचलं आणि दातओठ खात साक्षीदाराची वाट पाहिली. गोडबोल्याला आयुष्यातून उठवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वरच्या कार्यालयातून तपासनीस बाई केंद्रावर आल्या, तेव्हा तिने सगळ्यांदेखत पाण्याने भरलेला टब मांडला.

"मेम्ब्रेन म्हणजे हजारो पोकळ धागे," ती म्हणाली. "पाणी आत झिरपतं, जंतू बाहेर राहतात. आतून हवा भरल्यावर बुडबुडे आले, तर धागे तुटलेत असं समजायचं."

तिने यंत्रातली मेम्ब्रेन काढून टबात बुडवली आणि सायकलच्या पंपाने हवा भरली. टब नुसता खदखदला.

"बघा, हिनेच तोडली," गोडबोल्या हसत म्हणाला.

तिने कपाटातून यंत्रासोबत आलेल्या जादा मेम्ब्रेनचा खोका आणला. "हे सील तुमचंच ना? नीट बघून सांगा."

"माझंच. कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

"बाई, तुम्हीच फोडा."

आतला माल चांगला निघाला असता तर ती कायमची बुडाली असती. बाईंनी सील फोडलं, मेम्ब्रेन टबात गेली, आणि बुडबुडे पहिल्यापेक्षा जास्त आले. धाग्यांवर जुना गाळही चिकटलेला होता. दुसरीकडे वापरून टाकून दिलेला माल त्याने नव्या खोक्यात भरला होता. गोडबोल्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

तेवढ्यात गर्दीतून ताई पुढे आली. तिने केंद्राच्या नळाखाली पेला भरला आणि गोडबोल्यापुढे धरला.

"प्या. माझी पोर हेच प्यायली होती."

त्याने धाकटीकडे केविलवाणं पाहिलं. असं पाणी कोणाला पिऊ द्यायचं नाही, हेच तर तिचं काम होतं.

"ताई सांगतेय ना," ती म्हणाली, "प्या."