उत्तरेच्या खिडकीखालची डे-लिली

मी एक जुनी डे-लिली आहे, लांब पानांचं फुलझाड. यांगत्से नदीच्या दक्षिणेला, लानझीबाईंच्या घरामागे, त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली मी राहते. आमच्याकडे मुलगा दूरगावी निघाला की आईच्या खोलीच्या उत्तरेला मला लावून जातो. माझी फुलं बघून आईचं दुःख हलकं होतं, असं मानतात. लानझीबाईंचा मुलगा वेनहाई बोटींच्या कारखान्यात कामाला निघाला, तेव्हा त्यानंही मला असंच लावलं.

मित्रांनो, प्रथा मायेची. पण उत्तरेला ऊन फार कमी. त्यात डोक्यावर कापराचं सदाहरित झाड. त्याची मुळं माझ्या वाट्याचं पाणीही पीत. सावलीत मी मरत नाही, पानं लांबलांब काढते. नीट फुलायला मात्र मला निदान अर्ध्या दिवसाचं ऊन हवं. शेजारच्या थाओकाकूंच्या शेतात माझ्या बहिणी उन्हात डोलत. काकू त्यांच्या कळ्या उमलण्याआधीच खुडत, वाफवून वाळवत आणि वर्षभर रश्शात घालत.

“वहिनी, हे झाड आहे की गवत?” काकू विचारत. “म्हशीला तरी घाला.”

“तुमची म्हैस माझ्या लेकाची आठवण खाणार होय?” लानझीबाई म्हणत.

वेनहाई नववर्षाला घरी येई, तेव्हा थंडीनं माझी पानं झडलेली असत. त्यामुळे मी फुलतच नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात तो फोनवर विचारी, “आई, फुलं आली का?”

“खिडकी उघडता येत नाही इतकी!” लानझीबाई ठोकून देत.

एका हिवाळ्यात त्याचा फोन आला. “आई, नववर्षाला सुट्टी नाही. उन्हाळ्यात येतो. तुझी फुलंही बघेन एकदाची.”

फोन ठेवून लानझीबाईंनी खिडकीतून मला बघितलं आणि हिला फुलवायचं कसं, असं काकूंना विचारलं.

“पुढच्या अंगणात हलवा तिला,” काकूंनी सुचवलं.

“मग खिडकीतून काय बघू? तुमचं तोंड?”

वसंतात सूर्य उत्तरेकडे सरकल्यावर एक दिवस त्या स्टूल घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि ऊन कुठून येतं, कुठे अडतं ते बघत राहिल्या. सकाळचं ऊन पूर्वेकडून येई आणि कापराच्या खालच्या फांद्यांत अडके. त्यांनी त्या फांद्या कापून घेतल्या. भिंतीला पांढरा चुना दिला, म्हणजे उजेड माझ्यावर परतेल. माती मोकळी करून शेणखत घातलं. तांदूळ धुतलेलं पाणी रोज मला मिळू लागलं.

त्या उन्हाळ्यात मी आयुष्यातला पहिला दांडा वर काढला. त्यावर मोजक्याच कळ्या होत्या. लानझीबाईंनी कुणाला सांगितलं नाही.

वेनहाई आला त्या दुपारी काकू स्वयंपाकाला मदत करायला आल्या. जेवताना त्या कौतुकानं म्हणाल्या, “खा रे, ताज्या कळ्या आहेत. चांगल्या शिजवल्यात.”

“कुठल्या हो काकू?”

“या काय, खिडकीखालच्या! वहिनी, तुमच्या गवताला कळ्या आल्या की!”

लानझीबाईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. “लेकाला फुलं दाखवायची होती मला. तुम्ही ती त्याला वाढलीत?”

“अगंबाई! कळी दिसली की हात थांबतच नाही माझा!”

पण काकूंचा हात जाणता. त्यांनी भरलेल्याच कळ्या खुडल्या होत्या. एक बारकी, हिरवी कळी दांड्यावर राहिली होती. वेनहाईची सुट्टी थोडी आणि सावलीत माझं सगळंच सावकाश. लानझीबाई सकाळ-संध्याकाळ खिडकीत येत. मी सगळं बळ त्या एका कळीला दिलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती उमलली. पिवळीधमक.

वेनहाई खिडकीशी आला. “एकच? आणि तू म्हणायचीस, खिडकी उघडता येत नाही इतकी!”

“एकच आहे म्हणून तर उघडता आली,” लानझीबाई म्हणाल्या. दोघंही पोट धरून हसले.

दुसऱ्या दुपारी फूल मिटलं. तोवर वेनहाईची बस गेली होती. लानझीबाई खिडकीतच बसल्या होत्या आणि मधूनच एकट्या हसत होत्या.

मित्रांनो, तुमचं एखादं रोप सावलीत मुकं राहिलं, तर त्याला गवत म्हणू नका. एक दिवस त्याच्याजवळ बसा आणि ऊन कुठे अडतंय ते बघा. मी आता दर उन्हाळ्यात फुलते. थोडीच, पण फुलते. तेव्हा थाओकाकूही मला बघायला येतात. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.