न पडलेलं स्वप्न

गुरुवार आला की म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या त्या शांत रस्त्याची पार दैना उडायची. एरवी जिथे पेन्शनर मंडळी हातात दुधाची पिशवी घेऊन सावकाश चालायची, तिथे स्कूटरी, रिक्षा, कृष्णराजनगरहून आलेली एखादी जीप आणि फाटकाशी चपलांचा हा ढीग! आत कोण? मनोदर्शी स्वामी. नावच बघा की. तुम्ही तोंड उघडायचं नाही, काही सांगायचं नाही. स्वामी डोळे मिटणार, तुमच्या कपाळाला अंगठा लावणार आणि तुमच्या पोटातलं सगळं घडाघडा बोलून दाखवणार. बँकेतले मॅनेजर, कॉलेजातले प्रोफेसरसुद्धा तोंडात बोटं घालून बाहेर पडत.

"डॉक्टर विचारतो, काय होतंय तुला?" स्वामी खणखणीत कन्नडमध्ये सांगत. "अरे शहाण्या, तुला कळत नाही म्हणूनच विचारतोस ना? मी विचारत नाही. नोडि, मी बघतो!" असं म्हटलं की लगेच लोकांच्या माना डोलायच्या. 'नोडि' म्हणजे 'बघा'. पण खरं बघायचं होतं तिकडे मात्र कोणी बघत नव्हतं.

त्या व्हरांड्यातल्या बाकावर एका गुरुवारी तुळसी बसली होती, ती काही स्वतःच्या मर्जीने नव्हे. एका बाजूला आई भागीरथीबाई, दुसऱ्या बाजूला बंगळूरहून मुद्दाम आलेले गंगाधरमामा, आणि मध्ये ही, शाळेत मुलांना गणित शिकवणारी बाई.

वर्षभरापूर्वी तिचे अप्पा, दामोदरराव, गेले. शिंप्याचं दुकान, सकाळी दुकान उघडताना म्हटलेला अभंग, असा साधा माणूस. ते गेले आणि तुळसीला बसमध्ये बसवेना. बस सुटली की छाती धडधडायची, श्वास अर्ध्यातच अडकायचा, हात गार पडायचे. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि हृदय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. मग सुरू झाली शोधाशोध. एक काउन्सेलर मिळाले, ते इंग्रजीत बोलायचे आणि घड्याळाकडे बघायचे. "थिंक पॉझिटिव्ह" म्हणाले. तुळसी मनात म्हणाली, ते जमत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? दुसऱ्या बाई चांगल्या होत्या, पण निघाल्या आईच्या भजनी मंडळातल्या! तिथे तोंड उघडायचं म्हणजे एकादशीला सगळ्या टाळांबरोबर आपलीच गोष्ट वाजणार.

तिसऱ्या मिळाल्या त्या नागरत्ना मॅडम. कुवेंपुनगरात औषधाच्या दुकानावर त्यांची छोटी खोली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला रडू कोणत्या भाषेत येतं?" तुळसी थक्क झाली. म्हणाली, "मराठीत." मॅडम म्हणाल्या, "मग मराठीतच बोला. मला थोडंफार समजतं. अडलं तर विचारीन. आणि दोनतीनदा येऊन वाटलं की ही बाई माझ्या उपयोगाची नाही, तर सरळ सांगा, दुसरं नाव सुचवीन. मला राग येणार नाही."

तुळसी जायला लागली. अजून बसमध्ये बसवत नव्हतं, पण थांब्यापर्यंत जाऊन उभं राहण्याइतकी हिंमत आली होती. तेवढ्यात शेजारच्या कोणीतरी आईच्या कानात स्वामींचं नाव घातलं.

"पोरीला काही होत नाही रे, गंगाधर," व्हरांड्यात बसल्या बसल्या भागीरथीबाई भावाला सांगत होत्या, "तिच्या बापाचा जीव अडकलाय. शेवटी 'भागी, भागीरथी' म्हणून माझं नाव घेतलं रे त्यांनी! दवाखान्यात, खाटेवर. ही औषध आणायला खाली गेली आणि तेवढ्यात..." पुढचं पदरात बुडालं.

"आई, हळू बोल ना."

"हळू कशाला? इथे कोणाला कळतंय आपलं बोलणं?" म्हणत त्यांनी शिंप्याच्या दुकानापासून नागरत्ना मॅडमपर्यंत सगळं भावाला ऐकवलं.

आम्हा म्हैसूरच्या मराठी माणसांची ही खोड फार जुनी. पिढ्यानपिढ्या इथे राहिलो, निम्मं बोलणं कन्नड होऊन गेलं, पण गुपित सांगायचं म्हटलं की मराठी. दुकानात गिऱ्हाइकासमोर भाव मराठीत ठरवायचा, बसमध्ये शेजारणीच्या साडीला मराठीत नावं ठेवायची. आजूबाजूच्यांना ओ की ठो कळत नाही, याची आम्हाला कोण खात्री! त्या व्हरांड्यात तर सगळे कन्नड बोलणारे. आणि कोपऱ्यात मोगऱ्याचे गजरे गुंफत बसलेली म्हातारी हूवम्मा, म्हणजे फूलवाली आजी. ती बिचारी मुकी आणि बहिरी. तिच्यासमोर तर कन्नड माणसंही बिनधास्त आपली दुखणी बोलायची. दर माणसाची पाळी यायच्या आधी हूवम्मा एक गजरा घेऊन आत जायची, पडद्याआड स्वामी नमस्काराला जात तिथल्या देवाच्या तसबिरीला घालायची आणि परत येऊन बसायची.

ती आत जाऊन आली आणि मग यांना बोलावणं आलं.

"निम्म भाषे ननगे गोत्तिल्ला," स्वामींनी आधीच सांगून टाकलं. तुमची भाषा मला येत नाही. मग डोळे मिटले, अंगठा तुळसीच्या कपाळाला लावला आणि अंग घुसळायला लागले. "शिवण... कात्री... कापडाचा वास... हा तिचा बाप! दवाखान्यात आहे. खाटेवर आहे. बायकोला हाक मारतोय. भागी... भागीरथी! मुलगी जवळ नाही. औषधाला गेली. अय्यो, पाणी कोणी दिलं नाही याला! म्हणून हा मुलीच्या छातीवर बसलाय!"

भागीरथीबाईंनी हंबरडा फोडला. मामांनी हात जोडले. तुळसीच्याही अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोला.

"खुर्चीत बसून प्रश्न विचारणाऱ्या बाईकडे जाते ना ही? बंद! दर गुरुवारी इथे यायचं. मला सोडून गेली तर बाप तिचा श्वासच बंद करील."

बाहेर उन्हात आल्यावर तुळसीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती चपला घालायचं विसरून तशीच उभी राहिली.

कारण अप्पा दवाखान्यात गेलेच नव्हते.

ते दोघं कृष्णराजनगरहून बसने परत येत होते. अप्पांनी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तिला वाटलं, झोप लागली. म्हैसूरचा स्टँड आला, तिने हलवलं, तेव्हा कळलं. भाताच्या शेतांमधून, पुलावरून, सगळी वाट ती गेलेल्या माणसाचा हात हातात धरून बसली होती. आईला हे कसं सांगायचं? म्हणून तिने एक गोष्ट रचली. दवाखाना, खाट, शेवटची हाक, औषध. आईला तेवढाच आधार. खरं फक्त तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर अजून नागरत्ना मॅडमनाही पूर्ण सांगितलं नव्हतं.

मग स्वामींना दिसली ती खाट कोणती? जी जगात नव्हतीच, ती? या त्रिकालज्ञानी महाराजांची दृष्टी नेमकी आईच्या जिभेएवढीच लांब कशी?

पण घरी बोलायची सोय नव्हती. "त्या बाईची पायरी चढलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील," आईने बजावलं. त्या आठवड्यात तुळसी मॅडमकडे गेली नाही. बुधवारी वर्गात फळ्यावर गणित अर्धं झालं आणि तिचा श्वास अडकला. खडू हातातून पडला, मुलं घाबरून उठून उभी राहिली. हेडमास्तर म्हणाले, "टीचर, तुम्ही थोडे दिवस रजा घ्या." तुळसीला कळून चुकलं. हे असंच चाललं तर आधी शाळा सुटेल, मग घराबाहेर पडणं सुटेल, आणि लोक म्हणतील, बघा, स्वामी म्हणाले तेच झालं. साकु! पुरे झालं आता.

पुढच्या गुरुवारी ती स्वतःच आईला म्हणाली, "चल, जाऊ या." आई बिचारी हरखली.

व्हरांड्यात आज तुळसी हूवम्माच्या अगदी जवळ बसली. मामांनी मराठीत स्वामींच्या पोटाच्या घेराबद्दल काहीतरी शेरा मारला, तसा हूवम्माचा ओठ किंचित हलला. बहिऱ्या बाईला विनोद कळला! मग तुळसीने आईकडे तोंड केलं आणि सावकाश, स्पष्ट मराठीत सुरुवात केली.

"आई, तुला एक सांगायचंय. रोज स्वप्न पडतं मला. अप्पा येतात. म्हणतात, माझं काळं शिवणयंत्र तू आईला न सांगता सरगूरच्या माणसाला विकलंस, ते परत आण. त्याच्या पेटीत माझं काहीतरी राहिलंय."

हूवम्माची बोटं दोऱ्यावर थांबली, आणि पुन्हा चालू लागली.

"अगं बाई! मग आधी का नाही बोललीस?" आई कळवळली.

"आता सांगते ना."

हूवम्मा गजरा घेऊन आत गेली. परत आली. बोलावणं आलं.

आज खोलीत भक्तांची दाटी होती. स्वामींना गर्दी आवडायची, चमत्काराला साक्षीदार लागतात ना! अंगठा कपाळाला लागला. "काळं... काळं काहीतरी दिसतंय. चाक आहे. यंत्र! शिवणयंत्र! दक्षिणेकडे, सरगूरकडे गेलंय. बाप स्वप्नात येतो, मागतो. पेटी उघडा म्हणतो!"

"शिवा, शिवा!" खोलीत एकच कल्लोळ. कोणीतरी साष्टांग घातला.

तुळसीने कपाळावरचा अंगठा बाजूला केला. आवाज वर्गातला लागला. ती कन्नडमध्ये म्हणाली, "स्वामी, मला असलं स्वप्न कधी पडलंच नाही. ते यंत्र विकलेलं नाही. आमच्या दुकानात आहे, कोणीही येऊन बघा. आत्ता बाहेर बसून मी ही गोष्ट आईला सांगितली. मराठीत."

मग स्वामी कडाडले, "भूत बोलतंय! बाप तिच्या तोंडून खोटं बोलतोय! धरा तिला!"

बघा, काय सोय असते या लोकांची! जमलं तर चमत्कार, फसलं तर भूत. दोन जण पुढे सरसावले. तुळसी मागे सरकली नाही. दाराशी हूवम्मा फुलांची परडी घेऊन उभी होती. तुळसी तिच्याकडे वळली आणि अगदी साध्या, घरगुती मराठीत म्हणाली, "आजी, तुमच्या पदरावर विंचू चढलाय."

"अगं आई गं!" मुकी हूवम्मा किंचाळली. "कुठाय? काढ गं, काढ गं बाई!" परडी उडाली, मोगरा स्वामींच्या मांडीवर सांडला आणि बहिरी म्हातारी पदर झटकत खोलीभर नाचायला लागली.

आधी एक जण हसला. मग सगळी खोली हसली. आणि मग, एकेकाला आपण त्या व्हरांड्यात काय काय बोललो होतो ते आठवलं, तसं हसू ओसरलं. एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, "माझ्या सुनेचं तुम्हाला या म्हातारीने सांगितलं काय हो?" स्वामी अंतर्धान पावायच्या तयारीत होते, पण मागच्या दारातही भक्तच उभे होते.

"पोटासाठी गं पोरी," हूवम्मा जमिनीवर बसून रडत होती. तिचं नाव सोयराबाई, मूळची निपाणीकडची. मराठी, कन्नड दोन्ही येणारी म्हणून स्वामींनी हिला धरून आणलं आणि मुकी करून ठेवलं. "बोलायला किती वर्षांनी मिळालं मला," ती म्हणाली. तुळसीने तिला हात देऊन उठवलं.

पण भागीरथीबाई हसल्याही नव्हत्या, चिडल्याही नव्हत्या. त्या मुलीचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "यंत्राचं खोटं, कबूल. पण तुझ्या अप्पांचं? दवाखाना, ती हाक? तेवढं तर खरं सांगितलं ना त्यांनी?"

तुळसीची छाती धडधडायला लागली. आता गप्प बसलं तर आईच्या मनात स्वामी अर्धा जिवंत राहणार होता.

"नाही, आई. तेही मीच सांगितलेलं. अप्पा बसमध्येच गेले. माझ्या खांद्यावर. हाक नाही मारली त्यांनी, वेदना नाही झाल्या, पाणी नाही मागितलं. झोपेत गेले. तुला सोसणार नाही म्हणून मी खोटं बोलले, आणि त्या खोट्यावर या माणसाने दुकान मांडलं."

भागीरथीबाईंचा हात लेकीच्या खांद्यावर गेला.

"सगळी वाट?" त्यांनी विचारलं.

"सगळी वाट."

"एकटीच होतीस गं बाळा?" म्हणाल्या आणि तिथेच, स्वामींच्या गादीसमोर, त्यांनी मुलीला पोटाशी धरलं. इतक्या दिवसांनी दोघी एकाच गोष्टीसाठी रडल्या.

तर मंडळी, एवढंच लक्षात ठेवा. पाय मोडला तर हाडवैद्य कोण चांगला, याची आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मन दुखलं की मात्र न विचारता सगळं ओळखणारा माणूस हवा असतो आपल्याला. असा माणूस नसतो. असेल तर आधी त्याच्या दाराशी गजरे कोण गुंफतंय ते बघा. विचारणारा शोधा, तुमची भाषा ऐकून घेणारा शोधा. एक नाही पटला, दुसऱ्याकडे जा. आणि "मला सोडलंस तर वाटोळं होईल" असं जो म्हणेल, त्याला त्याच पावली सोडा.

शनिवारी भागीरथीबाई स्वतः मुलीबरोबर कुवेंपुनगरला निघाल्या. बसने. तुळसी खिडकीशी बसली, डोळे मिटून, आईचा हात धरून, आणि दोन थांबे अलीकडेच उतरली. उरलेलं अंतर दोघी चालत गेल्या.

नागरत्ना मॅडमनी दार लावून घेतलं. "बाहेर ऐकू जात नाही," म्हणाल्या. भागीरथीबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि जरा दरडावूनच त्यांनी विचारलं, "मला बघून काय ओळखलंत तुम्ही?"

"काहीच नाही, अम्मा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तेव्हाच मला कळेल."

भागीरथीबाईंनी लेकीकडे पाहिलं, खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या, आणि मराठीत बोलायला लागल्या.