मंगल कार्यालयाचा मागचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. हो, दरवाजाच. सध्या लिंबागणेशला बद्रीनाथच्या चहाच्या हॉटेलात विटांवर आडवा पडलोय आणि लोक माझ्यावर कपबश्या ठेवतात, म्हणून ओळखलं नसेल.

आधी मी बीडकडच्या एका मंगल कार्यालयात मागच्या बाजूला उभा होतो. न बोलावलेले लोक मागून शिरून बुंदी खातील, ही मालकाला भारी धास्ती. म्हणून मला बाहेरून कुलूप.

एका लग्नाच्या दुपारी वरातीतल्या फटाक्याची ठिणगी पुढच्या मांडवावर पडली. कापडी छत भराभरा पेटलं, पुढची वाट बंद झाली आणि सगळं वऱ्हाड माझ्याकडे धावलं. पंगतीत वाढणाऱ्या शहादेवनं खांद्यानं धडका मारमारून माझा कोयंडा उखडला. मी आडवा झालो, माणसं माझ्यावरून बाहेर पडली. एक म्हातारी आत राहिली म्हणून शहादेव मागं वळला. दोघंही आले नाहीत. आणखीही बरेच गेले.

पुढं कार्यालय पाडलं. बद्रीनाथनं मला भंगारातून उचललं.

इथं मी रोज तीच गोष्ट ऐकतो. ‘मी होतो त्या लग्नात’ म्हणणारे जमवले तर अर्धा तालुका होईल. एवढे आले असते तर बुंदी नवरदेवालासुद्धा मिळाली नसती. रोज इथं चहाला येणारा भागवत मात्र खरंच तिथं होता. पण त्याच्या गोष्टीत तोच मला लाथेनं तोडतो, आणि लाथ दर महिन्याला जोरकस होते.

काल तो लाथेपर्यंत आला आणि दूध घालायला शहादेवची बायको कडूबाई दारात उभी. भागवतनं लाथ अर्ध्यावर सोडून कप उचलला.

“थांबलास कावून?” ती म्हणाली.

“न्हाई वैनी, असंच...”

“तुझी लाथ ऱ्हाऊ दे. आमचे हे तवा काय करत हुते, ते सांग.”

भागवतनं कप खाली ठेवला. “मला वाढत हुता. लई झालं म्हणलं तरी ताट भरलं. ‘खा बे, घरी कोण वाढतंय तुला?’ म्हणला.”

कडूबाईला हसू फुटलं. “तसलेच हुते! मलाबी ताटावरून उठू देत नसायचे.” हसता हसता ती माझ्यावर दोन्ही हात टेकून बसली. “आणखी सांग.”

भागवतनं खुर्ची पुढं ओढली.

तुम्ही कुठल्या लग्नाला जाल तेव्हा माझ्यासारख्यांची कुलपं तेवढी काढायला लावा. आणि आता मला बोलायला लावू नका. कडूबाईचा चहा आलाय, मला स्थिर राहायला हवं.