बंद दाराशी सीताराम

"डोळे लाल होणं," कॉलेजच्या हॉलमध्ये समुपदेशक बाई सांगत होत्या आणि सीताराम लिफ्टदुरुस्तीच्या वहीत लिहून घेत होता. डोळे लाल. भूक अचानक वाढणं. उगाच हसणं, उगाच चिडणं. दार लावून बसणं. पालकांचा मेळावा होता, विषय होता गांजा, आणि कांदिवलीतले शंभरेक आईबाप आपापल्या पोरांना मनातल्या मनात तपासत बसले होते.

"हे सगळं आपल्या दिशात आहे," सुगंधा त्याच्या कानाशी पुटपुटली. मग जरा विचार करून म्हणाली, "तुमच्यातपण आहे."

शेवटी बाईंनी सांगितलं की मुलांवर ओरडू नका, शांतपणे बोला, त्यांचं ऐकून घ्या. पण तोवर सुगंधा पर्स खांद्याला लावून उठली होती. खरं तेवढंच ऐकण्यासारखं होतं.

दिशा क्लासला गेली होती. सुगंधाने तिचं कपाट उपसलं. सापडलं काय, तर वेफर्सची रिकामी पाकिटं, जोड नसलेले तीन मोजे आणि गेल्या दिवाळीपासून हरवलेला सुगंधाचाच सेफ्टीपिनांचा डबा. तिने सगळ्या ओढण्यांचा वास घेतला. डिओचा वास आला, म्हणजे आतला वास लपवायला डिओ मारते, हे तिने ठरवून टाकलं. गांजाचा वास कसा असतो हे तिला माहीत नव्हतं. सीतारामला माहीत होतं, पण तो गप्प बसला.

दिशा आल्यावर पोह्यांची परीक्षा झाली. भूक वाढली आहे का ते बघायला सुगंधाने पातेलंभर पोहे केले. दिशाने दोन ताटल्या खाल्ल्या. सुगंधाने नवऱ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं, पण नवरा तिसरी ताटली वाढून घेत होता, त्यामुळे पुराव्याचं वजन जरा कमी झालं. मग तिचा धीर सुटला आणि तिने सरळ विचारलं, तू गांजा पितेस का?

"मम्मी, असं कोण विचारतं?" म्हणत दिशा ताडकन उठली आणि बेडरूमचं दार लावून घेतलं.

सुगंधा तणतणत स्वयंपाकघरात गेली. सीतारामला मात्र एक गोष्ट टोचली. पोरगी चिडली, पण नाही म्हणाली नाही. आणि आता ती आपल्याशी कधीच खरं बोलणार नाही, असं त्याला वाटलं.

सत्तावीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. गोरेगाव ते बोरिवली, कुठे माणूस अडकला की वॉचमन म्हणायचे, परबांना बोलवा. दुरुस्ती सगळेच करतात. परब आधी दाराबाहेर फरशीवर बसायचा आणि आतल्या माणसाशी बोलायचा. त्याचे दोनच नियम होते. कोणी कुठलं बटण दाबलं ते विचारायचं नाही, आणि अर्धा तास लागणार असेल तर पाच मिनिटं सांगायचं नाही.

तो बेडरूमच्या दाराबाहेर फरशीवर बसला.

"मी सीताराम," तो सवयीने म्हणाला. "लिफ्टवाला."

आतून फिसकन हसू आलं. तेवढ्या हसण्यावर त्याला धीर आला, आणि सत्तावीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते तो दाराला सांगू लागला.

"मी लागलो तेव्हा एकवीसचा. घाटकोपरला काम चालू होतं. गावाहून माझा मामा आलेला, त्याने चिमूटभर गांजा दिलेला. दुपारी गच्चीवर जाऊन ओढला मी. तुझा बाळामामा माझा सीनियर. तो वर मोटरीशी ग्रीस लावत होता. मेन स्विच बंद ठेवून तिथे उभं राहायचं, एवढंच माझं काम. मला वाटलं त्याचं झालं. मी स्विच वर केला. त्याची ती दोन बोटं माझ्यामुळे गेली, दिशा. सगळ्यांना वाटलं स्विच खराब होता. मीपण तेच म्हणालो."

मग अगदी दाराला टेकल्यासारखा जवळून दिशाचा आवाज आला.

"मी दोनदा ओढला. प्रांजलच्या गच्चीवर. पहिल्यांदा नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा छाती एवढी धडधडली, वाटलं मरतेच आता. तरी हसत बसले सगळ्यांसोबत. उद्या परत बोलावलंय." ती नाक ओढत होती. "नवीन कॉलेजात तेवढेच फ्रेंड्स आहेत ना माझे."

त्याला ओरडावंसं वाटलं. प्रांजलच्या बापाला फोन करावासा वाटला. तो म्हणाला, "नाही म्हणता येत नसेल तर माझं नाव सांग. बाप खवीस आहे म्हण."

थोड्या वेळाने कडी निघाली. दिशाने मोबाइल पुढे करून प्रांजलला पाठवलेला मेसेज दाखवला. तिने खवीसच्या जागी सायको लिहिलं होतं. सीतारामने मान्य केलं.

तो उठायला गेला तर मागे सुगंधा उभी होती, हातात कालथा. बाळा तिचा सख्खा मोठा भाऊ. या दोघांचं लग्न त्यानेच जुळवलं होतं.

"दादाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"नाही."

"मग लावा फोन."

बाळा आता कुडाळला असतो. सीतारामने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. जे दाराला सांगितलं तेच त्याने पुन्हा अडखळत सांगितलं. पलीकडे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. मग बाळा खाकरला.

"माका तेव्हाच म्हायत होता," तो म्हणाला. "तुझ्या शर्टाक वास येय होतो. साहेबाक सांगून काय झाला असता? बोटां काय परत येवची नाय होती, तुझी नोकरी मातर गेली असती. मगे दोन वर्सां मी तुझ्यावर नजर ठेवलंय. तू परत हात लावलंस नाय. तेव्हा म्हटलं, हेका आपली भैण देवक हरकत नाय."

सीतारामने डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही.

"फकत एक कर," बाळा म्हणाला. "सुगंधाक ह्या सांगू नको. ती उगाच रडत बसतली."

सुगंधा टेबलाशी उभी होती, तोंडावर पदर दाबून, आणि दिशाने तिला मागून धरलं होतं. मी इथे आहे हे सांगू नका, अशी तिने नवऱ्याला हातानेच खूण केली.

"नाही सांगत," सीताराम म्हणाला.