दारातला खांब

शिवदासशेटना वीज हवी होती, खांब नको होता. यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. माणसाला दूध लागतं म्हणून तो म्हैस दिवाणखान्यात आणून बांधतो का, असं ते विचारायचे, आणि समोरचा गप्प झाला की आपण जिंकलो असं समजायचे.

काशीदच्या अलीकडे नांदळे म्हणून गाव आहे. रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला शेटची जागा. तिथं त्यांनी पाहुण्यांसाठी 'सागरसुख' काढलं होतं. चार एसी खोल्या, पुढे रस्त्यापर्यंत ऐसपैस लॉन, आणि फाटकावर जांभ्याची कमान. ही कमान म्हणजे शेटचा जीव की प्राण. मुंबईहून आलेली मंडळी आधी कमानीखाली उभी राहून फोटो काढायची आणि मग खोलीत जायची. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, बौद्धवाडी. तिथं घरांच्या पुढे एक मोकळं आवार, पोरांच्या खेळाला तेच, लग्नाला तेच, चौदा एप्रिलच्या मंडपालाही तेच. आवाराच्या कडेला चंदाबाईची पिठाची गिरणी.

अख्खं गाव एका म्हाताऱ्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, चाललेलं, आणि तोही पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी शेटचे चार एसी लागले की चंदाबाईची मोटर नुसती घुमायची, जातं काही फिरायचं नाही. चंदाबाईची मोटर फिरली की शेटचे एसी धापा टाकायचे आणि पाहुणे लुंग्या-टॉवेलवर व्हरांड्यात यायचे. दोघंही एकमेकांच्या नावानं बोटं मोडायची, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. पाहुणे गेल्यावर मोबाईलवर लिहायचे, जागा छान, माणसं छान, पण उकडून निघालो. नाताळचा सीझन असाच गेला तर पुढच्या वर्षी इकडं कुत्रं फिरकणार नाही, हे शेटना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून शेटनी वीज मंडळात खेटे घातले, अर्ज केले, साहेबांना बांगडे पोचवले. शेवटी नांदळ्याला नवी लाईन आणि नवा डीपी मंजूर झाला. सिमेंटचे खांब येऊन रस्त्याच्या कडेला आडवे पडले, त्या दिवशी शेटनी नारळ फोडला आणि स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'आमच्या प्रयत्नांना यश'. आमच्या म्हणजे कोणाच्या, हे फोटोवरून कळत होतंच.

दुसऱ्या दिवशी साक्षी आली. ही कंत्राटदाराकडची सर्व्हेची इंजिनीअर, उरणकडची पोर, डोक्यावर टोपी, हातात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या. तिचं काम बघायला शेट खुर्ची टाकून बसले. एक काठी लांब उभी करायची, एक जवळ, एक डोळा मिटून दोन्ही एका रेषेत आणायच्या आणि मध्ये खुंटी ठोकून चुना टाकायचा. सगळं किती सोपं आहे, आपणही केलं असतं, असं शेट मनात म्हणत होते. एवढ्यात एक खुंटी त्यांच्या कमानीला चिकटून ठोकली गेली आणि ते खुर्चीतून उठले.

मग काय बोलायचं राहिलं? दारात खांब म्हणजे घराला पीडा, वास्तुशास्त्र बघा म्हणाले. पाहुण्यांचे फोटो म्हणाले. मीच लाईन आणली आणि माझ्याच डोक्यावर खांब, हा कुठला न्याय म्हणाले. साक्षीनं सगळं ऐकून घेतलं. लाईन सरळ असली की तिला कोणाच्या जागेत काही लागत नाही, इथं एकच खांब येईल आणि तो रस्त्याच्या हद्दीत, असं तिनं सांगितलं. शेटनी पलीकडे बोट दाखवलं. समोर एवढं मोकळं आवार पडलंय, तिकडून वळवून घ्या की. साक्षी म्हणाली, घरांवरून तारा नेता येत नाहीत, आवारातून जातील, पण त्या लोकांची लेखी संमती लागेल, आणि लाईन वळली म्हणजे काका, तिथं...

शेट तिथपर्यंत थांबले नाहीत. समोरच्याचं वाक्य अर्धं झालं की आपलं सुरू करायचं, ही त्यांची जुनी सवय. संमती ना? आणतो, म्हणाले, आणि चपला घालून रस्ता ओलांडला. त्यांच्या घरचं दळण आजवर कामवाली घेऊन जायची. शेट स्वतः त्या आवारात गेल्या कित्येक वर्षांत, मतं मागायचे दिवस सोडले तर, गेले नव्हते.

आवारात माणसं जमली. शेट बोलायला लागले की बोलायला लागले. खांब म्हणजे विकास, म्हणाले. खांब दारात येणं हे भाग्याचं लक्षण, म्हणाले. इतकी वर्षं गावानं तुम्हाला मागं ठेवलं, आता गावाची लाईन तुमच्या अंगणातून जाणार, ही तुमच्या मानाची गोष्ट, असंही म्हणाले, आणि हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. शेटच्या डोळ्यांना ही सवयच होती. खांबावर दिवा बसवून देतो, हेही सांगून टाकलं. आणि जाता जाता, आवाज खाली आणून, कंत्राटदाराकडे आणखी दोन गावं आहेत हं, आपण घोळ घातला तर हे खांब उचलून तिकडे नेतील, एवढी पाचर मारून ठेवली.

चंदाबाई गिरणीच्या दारात उभी राहून ऐकत होती. गावाचं दळण तिच्याकडे, त्यामुळे कोणाच्या पिठात किती कोंडा असतो ते तिला बरोबर माहीत. पण मोटर फिरायला हवी होती. पोरीच्या नर्सिंगची फी त्या मोटरवर होती. वाडीतल्या लोकांनी आपसांत बोलून घेतलं, कोणी चडफडलं, कोणी म्हणालं लाईन तरी येऊ दे, आणि संध्याकाळपर्यंत कागदावर सह्या झाल्या. शेट कागद फडकावत परत आले. बायकोला, सुगंधाबाईंना, म्हणाले, बघितलंस? जिभेवर साखर असली की सगळं होतं. सुगंधाबाई भाजी चिरत होत्या, त्यांनी नुसतं हं केलं.

साक्षीनं नवी रेषा आखली. लाईन शेटच्या लॉनच्या एका टोकाशी रस्ता सोडून वळली, आवारात जाऊन पुन्हा वळली, आणि लॉनच्या दुसऱ्या टोकाशी परत रस्त्यावर आली. कमान मोकळी झाली. शेटनी तिच्या खाली उभं राहून स्वतःचाच एक फोटो काढून घेतला. मग बघतात तर साक्षी फाटक उघडून आत आलेली, आणि लॉनच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकतेय. कडेला नाही, चांगल्या आत, ऐन हिरवळीत.

"अगो, इकडं कशाला? खांब तिकडं, मग खुंट्या इकडं कशा?"

साक्षीनं शांतपणे सांगितलं की हे स्टे आहेत. लाईन वळली की तारा खांबाला एका अंगाला ओढतात. त्याला उलट्या अंगानं जाड तारेनं जमिनीशी बांधून ठेवावं लागतं. लाईन तुमच्यापासून पलीकडे वळवली, म्हणून ह्या दोन खांबांना धरायचं ते तुमच्या अंगाकडून. आवारातल्या खांबाला धरायचं ते त्यांच्या अंगाकडून, त्यांच्याकडेही एक स्टे आहेच. त्या दिवशी हेच सांगत होते, पण तुम्ही निघून गेलात.

शेटचा विश्वास बसेना. ही पोर आपल्याला शेंडी लावतेय, असंच त्यांना वाटलं. तेव्हा तिनं झाडांना पाणी घालायचा पाईप उचलला. शेटना म्हणाली, काका, तुम्ही खांब व्हा. पाईपचा मध्य शेटच्या पोटावर धरायला दिला, एक टोक सुगंधाबाईंच्या हातात देऊन त्यांना कुंपणाच्या भिंतीच्या कडेनं लांब नेलं, दुसरं स्वतः घेऊन तिरपी रस्त्याकडे गेली, आणि दोघींनी ओढलं. शेट तोल जाऊन रस्त्याच्या बाजूला तीन पावलं धडपडत गेले. आता तुम्हाला मागून कोणी धरायला पाहिजे ना, असं तिनं विचारलं. सुगंधाबाई इतक्या हसल्या की त्यांनी पाईप सोडून पदर तोंडाला लावला. शेटना मात्र हसू आलं नाही. दोन तारा तिरप्या, डोक्याएवढ्या उंचीवरून आपल्या हिरवळीत उतरलेल्या त्यांना दिसायला लागल्या. पाहुण्यांची पोरं तिथं क्रिकेट खेळतात. नवऱ्या मुलींचे फोटो तिथं निघतात.

मग सरळच करा, म्हणाले. पहिल्यासारखी. येऊ दे तो खांब कमानीपाशी, एक तर एक. साक्षीनं मान हलवली. तिकडच्या लोकांच्या सह्यांवर हा नकाशा झालाय, तो फिरवायचा तर त्यांनीच येऊन सांगायला हवं की आम्हाला लाईन आवारात नको. उद्या एस्टिमेट जाणार. वाद आहे असं वर कळलं तर साहेब लाईन थांबवतील आणि खांब पुढच्या गावाला जातील. पुढच्या गावानं आतापासून ट्रॅक्टर तयार ठेवलाय, हे शेटनाही माहीत होतं.

शेट पुन्हा रस्ता ओलांडून गिरणीत गेले. चंदाबाई पिठानं पांढरी झाली होती. आजवर ती त्यांच्या तोंडी 'ती गिरणीवाली' असायची, सह्या हव्या होत्या तेव्हा 'चंदाबाई' झाली होती. आज शेट 'चंदाताई' म्हणाले. ताई, तारा म्हणजे धोका असतो, म्हणाले. पोरं खेळतात, पतंग उडवतात, वरून अकरा हजाराचा करंट जाणार, मला रात्रभर झोप नाही आली तुमच्या पोरांच्या काळजीनं. तुम्ही सगळ्यांनी मिळून साक्षीला नको म्हणून सांगा. गावासाठी मी माझ्या दारात घेतो खांब.

चंदाबाईनं डबा रिकामा केला, हात झटकले. तिला राग आला होता, आणि तिनं तो लपवला नाही.

"आमाला खांब नकोच होता, भाऊ. आवार गेलं म्हणून माजा सासरा जेवला न्हाय परवा. आमी सांगू तिला, आत्ता सांगू. पन परवा त्या आवारात उभं राहून तुमी जे बोललाव ना भाग्याचं नि मानाचं, तिथंच उभं राहून येक खरं बोला. माज्या दारात नको होता, म्हनून तुमच्या दारात घातला. येवढंच. मग सगळी येतील सांगायला."

एवढंच ना, म्हणाले शेट. त्यांना खरोखरच हायसं वाटलं. बोलण्यानं त्यांचं आजवर काही अडलं नव्हतं, उलट बोलण्यावरच तर सगळं उभं होतं.

संध्याकाळी आवारात माणसं बसली. साक्षी कागद घेऊन एका कडेला. शेटच्या मागून त्यांचे दोन-चार लोक आले, सुगंधाबाई आल्या. चंदाबाई पुढे बसली. शेट उभे राहिले, घसा साफ केला. माझ्या दारात, असं म्हणाले, आणि थांबले. वाक्य तर पाठ होतं, रस्ता ओलांडताना त्यांनी ते दोनदा मनात म्हणूनही बघितलं होतं. पण समोर इतकी तोंडं, चंदाबाईच्या म्हाताऱ्या सासऱ्याचे डोळे, आपली बायको, मागं आपली माणसं. कोणी हसलं तर? उद्या पारावर हेच चघळलं गेलं तर? शेटनी परत सुरुवात केली. माझ्या दारात, मित्रांनो, लक्ष्मी आहे. ती कशामुळे? गावाच्या आशीर्वादामुळे.

झालं. एकदा 'मित्रांनो' आलं की शेटना कोण अडवणार? लाईन वळते तेव्हा कुणाला तरी झळ सोसावी लागते, म्हणाले. मग ती झळ माझ्या बांधवांनीच का सोसावी? त्यांनी आपलं अंगण दिलं, मी माझं दिलं नाही तर मला तोंड दाखवायला जागा उरेल का? मी माझी हिरवळ देतो. दोन्ही तारा माझ्या जागेत उतरू द्या. आवाज भरून आला, डोळे भरून आले. मागच्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचं बघून इतर काहींनी वाजवल्या. साक्षीनं लॉनमधल्या स्टेच्या संमतीचा कागद पुढे केला आणि शेटनी टाळ्यांच्या भरात सही ठोकून दिली. सही झाल्यावर त्यांना कळलं कशावर केली ते. पण तोवर माणसं उठायला लागली होती.

सुगंधाबाई नवऱ्यासाठी थांबल्या नाहीत, एकट्याच रस्ता ओलांडून गेल्या. चंदाबाईनं सासऱ्याला हाताला धरून उठवलं. शेटच्या जवळून जाताना ती थांबली. आवाजात राग नव्हता आता, नुसती दमलेली होती.

"येवढं बोललाव, भाऊ. त्यात त्येवढं येक बोलला असताव, तर दोगांचंबी आंगण राहिलं असतं."

म्हातारा आवाराच्या मधोमध ठोकलेल्या खुंटीला वळसा घालून हळूहळू घराकडे गेला.